बिनरुमालाचा लिलाव

उमरगा, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १८६५

अक्का,

तुला आणि दाजींना शिवलिंगचा नमस्कार पोचावा. हे पत्र अव्वाला न सांगता लिहीत आहे, म्हणून टपालात न टाकता बिराप्पा गाडीवानाच्या हाती देतो. मी नोकरीला आहे त्या आडतीची सरकी घेऊन तो आळंदच्या बाजाराला येत असतो. उत्तर द्यावंसं वाटलं तर त्याच्याच हाती दे. नाही वाटलं तरी माझी तक्रार नाही. तीन वर्षांत मीही एक ओळ लिहिली नव्हती.

बातमी अशी की आपलं घर सरकार विकणार आहे.

काल दवंडी झाली. कचेरीचा चपराशी पुढे आणि हलगीवाला मागे. "वीरप्पा वाण्याचं जप्तीचं घर हर्रास होणार हो!" अप्पांचं नाव असं रस्त्यावर ऐकून मी दुकानात मान खाली घालून पोती शिवत राहिलो. चपराशी मुद्दाम आमच्या दुकानासमोर थांबून पुन्हा ओरडला, असं मला वाटलं. कदाचित थांबला नसेल.

नंतर कचेरीच्या भिंतीवरचा कागद वाचून आलो. तो उर्दूत आहे आणि माझी उर्दू चौथीपर्यंतची, म्हणून एकेक शब्द लावून वाचला. 'ठेकेदार आठवडी बाजार हणमंतप्पा, राहणार आळंद. ठेका बुडाला. जामीनदार वीरप्पा, मयत.' दाजींचं नाव अप्पांच्या वर लिहिलं आहे. हे तुला दुखवायला लिहीत नाही. कागदावर जसं आहे तसं सांगितलं. लिलाव सरकारी बहमन महिन्याच्या वीस तारखेला, म्हणजे अजून वीसेक दिवसांनी, घराच्या ओट्यावरच होईल.

अव्वा मठाच्या मागच्या खोलीतच राहते. मठाचं दळण दळते, त्यावर दोघांचं जेवण होतं. तिचं एकच म्हणणं आहे, "परक्याच्या जागेत डोळे मिटायचे न्हाईत मला." खोकला वाढला आहे. अप्पा गेले त्या दिवशी तुला दारातून परत पाठवताना ती जे बोलली, 'माझ्या घराचा उंबरा चढायचा न्हाय,' ते तिनं मागं घेतलेलं नाही. तुझं नाव निघालं की ती जात्याचा खुंटा जोरात फिरवते.

मी घर सोडवणार आहे. तुझ्याकडे काही मागत नाही, एवढं नीट वाच.

तुझा,
शिवलिंग


उमरगा, मार्गशीर्ष वद्य पंचमी

अक्का,

बिराप्पा म्हणाला, तू पत्र दोनदा वाचून घेतलंस आणि त्याला ताक दिलंस. मग मी हे दुसरं लिहायला बसलो.

कचेरीत पेशकारांना विचारलं, घरावर बोली लावायची तर एकूण खर्च किती येतो. ते म्हणाले, "अरे, तू जे बोलशील ते."

"आणि त्याच्या वर काय काय, साहेब?"

मग एकेक निघू लागलं. बोली सुटली की चौथा हिस्सा त्याच जागी भरायचा, तोही निजामाच्या हाली शिक्क्यात. इंग्रजी कलदार असेल तर बट्टा देऊन बदलून आणायचा. बाकी रक्कम तीस दिवसांत. चुकलं तर भरलेला चौथा हिस्सा सरकारजमा आणि घराचा पुन्हा लिलाव. स्टॅम्पाचा कागद घेणाऱ्याच्या खर्चानं. दवंडीसुद्धा घेणाऱ्याच्याच खर्चानं, म्हणजे त्या दिवशी अप्पांचं नाव घेत जी हलगी वाजली तिचे पैसे मला द्यायचे आहेत. शिवाय जप्तीपासूनची घरपट्टी. मी म्हणालो, "पण तीन वर्षं घर सरकारच्या ताब्यात होतं." पेशकार हसले. "घर तो घर है, बेटा. पट्टी उसकी, जो घर लेगा."

आत बघू द्या म्हटलं तर 'जसं आहे तसं घ्यायचं' असा नियम दाखवला. मी फटीतून पाहिलं. सरकारनं तिथं लेव्हीत वसूल केलेली ज्वारी भरली होती. आता नुसता किडक्या दाण्यांचा वास आहे. माळवदावर गवत वाढलं आहे आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून उजेड दिसतो, म्हणजे तिथं धाबं खचलं असावं. अव्वानं विचारलं, "चूल दिसली का?" मी हो म्हणालो. दिसली नव्हती.

माझ्याकडे चारशे हाली जमतात. अव्वाच्या पाटल्या, अप्पांचा मोठा तराजू आणि माझा पगार धरून. महालिंगप्पा, म्हणजे आमचे आडतीचे मालक, म्हणाले, "कमी पडलं तर दोनशेपर्यंत म्या हाय. पगारातनं फेड. पर तिथं गप ऱ्हा, उगं येड्यावानी करू नको." याचा अर्थ मी विचारायला हवा होता. पण मालकाला अर्थ विचारवत नाही.

मला आता दुकानात रुमालाला बसवतात. लहानपणी अप्पांच्या उपरण्याखाली बोटं धरून तू आणि मी जो खेळ खेळायचो, तोच आता माझा धंदा झाला आहे. माल आला की मी हातावर रुमाल टाकून बसतो. खरेदीदार एकेक पुढे येतो, रुमालाखाली माझी बोटं दाबून भाव सांगतो आणि बाजूला होतो. दुसऱ्यानं काय दाबलं ते त्याला दिसत नाही, आणि पुन्हा कुणाला विचारत नाहीत. म्हणून शहाणा माणूस पहिल्या झटक्यातच आपला शेवटचा भाव दाबतो. सगळ्यांत जास्त ज्याचा, माल त्याचा. महालिंगप्पा म्हणतात माझी बोटं चुकत नाहीत.

एका गोष्टीची काळजी आहे. लिलावाला दुसरं कोण येणार, हे बाजारात कुणी सांगत नाही. विषय काढला की माणसं पानाची चंची उघडून आत बघत बसतात. मथुराबाई तेलीण एरवी सगळ्या गावाचं सांगते. तिला विचारलं तर म्हणाली, "जा बाबा, तुझं तू बघ. मला तोंड हाय का?" सगळ्यांनी काहीतरी ठरवलं आहे आणि मला वगळलं आहे, हे नक्की. मला वाटतं सगळेच बोली लावणार आहेत. घर बाजारपेठेत आहे, कुणाला नको?

तुझा,
शिवलिंग


उमरगा, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी

अक्का,

घर मिळालं.

काल लिलाव झाला, चौथा हिस्सा भरला, पावती घेतली. अव्वाला पावती दाखवली तेव्हा तिनं ती उलटी धरली आणि कपाळाला लावली. मठातल्या बायकांना तिनं गूळ वाटला. तिला किंमत सांगितली नाही, तिनं विचारलीही नाही. तूही विचारू नकोस. भेटीत सांगेन.

बिराप्पा तुला काही सांगू लागला तर ऐकू नकोस. त्याला थट्टा करायची सवय आहे.

शिवलिंग


उमरगा, पौष शुद्ध पंचमी

अक्का,

बिराप्पानं तुला सांगितलं, असं तोच मला म्हणाला. "आक्का इचारत हुत्या, मग म्या काय खोटं बोलू?" आता माझ्या हातानं लिहितो, म्हणजे निदान नीट तरी कळेल.

लिलावाच्या दिवशी आपल्या ओट्यावर नायब तहसीलदारांची खुर्ची मांडली होती, जिथं अप्पा संध्याकाळी बसायचे तिथंच. सगळा बाजार समोर उभा होता. महालिंगप्पा पुढच्या रांगेत. पेशकारांनी कागद वाचला. साहेब म्हणाले, "सरकारी बोली ढाई सौ. आगे बोलो."

कुणी बोललं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता एकेक पुढे जाईल. माझा हात आपोआप पुढे झाला, बोटं जुळली, पण वर रुमाल नव्हता. समोर नुसती माणसं होती. माझ्या डोक्यात एकच होतं की विचारतील ते एकदाच. आत्ता कमी बोललो तर घर गेलं.

मी म्हणालो, "सहाशे."

साहेबांनी विचारलं, "कितने?"

तेव्हा तरी मी सावरायला हवं होतं. पण मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी मोठ्यानं आणि स्पष्ट म्हणालो, "सहाशे हाली, साहेब."

मागे कुणीतरी "अगं आई" म्हणालं. पेशकारांनी लेखणी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. एक, दो, तीन. सगळं एवढ्यात आटोपलं की साहेबांचा चहासुद्धा आला नव्हता.

महालिंगप्पांनी मला दुकानाच्या मागं नेलं.

"तुझ्या इरोधात कोण हुतं रं?"

"मला काय माहीत?"

"कुणीबी नव्हतं! एक माणूस नव्हता. मठात बसून ठरलं हुतं. वीरप्पाच्या पोराम्होरं कुणी तोंड उघडायचं न्हाय. मुसलमान गल्लीतल्या लोकांनीबी शब्द दिला हुता. तू अडीचशेवर एक रुपाया म्हणला असतास तरी घर तुझं हुतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुला?" त्यांनी कपाळावर हात मारला. "तुला सांगितलं असतं तर तू कचेरीत जाऊन इचारलं असतंस, साहेब, हे कायद्यात बसतं का?"

अक्का, मी विचारलंच असतं.

मी म्हणालो, तुमचे दोनशे धरूनच मी सहाशे म्हणालो. त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "तीनशेच्या घरावर म्या दोनशे दिले असते, शिवलिंग. सहाशेच्या येडेपणावर देत न्हाय. धंदा हाय माझा." ते रागावून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. सरकीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

आता चौथा हिस्सा जाऊन माझ्याकडे अडीचशे उरतात. कचेरीला साडेचारशे द्यायचे आहेत. वर स्टॅम्प, पट्टी आणि ती हलगी. मी ज्यांना ज्यांना मागितलं त्यांना राग आहे. त्यांनी माझ्यासाठी गप्प राहायचं ठरवलं आणि मी भर चौकात त्यांचा शब्द फुकट घालवला. शिवाय पेठेतल्या एवढ्याशा घराला सहाशे येतात हे आता सरकारला कळलं, तर सगळ्यांची पट्टी वाढेल, असं ते म्हणतात. त्यांचं खरं आहे. बाजारात मला आता कुणी नावानं हाक मारत नाही. "ओ सहाशे, पोतं उचल," म्हणतात. मीही ओ देतो.

पेशकारांना भेटून अर्ज देतो म्हणालो, की ही चूक आमच्या धंद्याच्या रीतीमुळे झाली. त्यांनी अर्ज घेतला. उर्दूत करून आणायला सांगितला, करून नेला. मग म्हणाले, "इसमें रुमाल का क्या लिखा है?" मी हात करून दाखवला. त्यांनी शेजारच्या कारकुनाला बोलावून पुन्हा दाखवायला लावलं. दोघं हसले, पण वाईट हसले नाहीत. अर्ज तिथंच ठेवून घेतला.

अव्वा रोज विचारते, कुलूप कधी काढणार? तिनं चुलीसाठी माती भिजवून ठेवली आहे. ती वाळते, मग ती पुन्हा पाणी घालते.

शिवलिंग


उमरगा, पौष वद्य त्रयोदशी

अक्का,

मी मागितलं नव्हतं. पण मागचं पत्र मागण्यासारखंच होतं, हे ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यासाठी माझ्यावर रागावू नकोस.

बिराप्पा तुझं गाठोडं घेऊन आला तेव्हा मी दुकानात होतो. त्यानं ते सरळ मठात नेऊन अव्वाच्या हातात दिलं. मी पोचलो तर ती जात्याशी बसली होती आणि पदरात तुझी बोरमाळ. एक मणी वेगळा आहे ना, अप्पांनी नंतर तुळजापूरच्या सोनाराकडून बसवून आणलेला. तिचं बोट त्यावर होतं.

"ही शांतीची," ती म्हणाली. "तिच्या गळ्यात काय ऱ्हायलं मग?"

मी म्हणालो, मणी-मंगळसूत्र असेल. मग सगळंच सांगितलं, सहाशेपासून. तिला ते आधीच माहीत होतं. पाण्यावर बायका बोलतात. ती रोज कुलपाचं विचारायची ते मी कधी सांगतो हे बघायला.

मी म्हणालो, "अव्वा, ही सोलापुरात मोडली तर भागतं. अजून चार दिवस आहेत हातात. बिराप्पाला जुंपायला सांगतो."

"न्हाय."

"का न्हाय?"

"घराला तिचं सोनं लागलं तर घर तिचंबी झालं. मग तिलाच उंबरा चढू नको कसं म्हणू म्या?"

"मग म्हणू नको."

"जीभ माझी हाय. तुझ्यासारखी न्हाय, सुटली की सुटली." मग थोड्या वेळानं, "तुझा बाप जावयाचा जामीन ऱ्हायला तवा मला न इचारता ऱ्हायला. आता लेकीच्या गळ्यातलं काढून घर सोडवायचं. एकदा जावयापायी गेलं, आता लेकीपायी यायचं. मला न्हाय जमत."

मी तिच्या पायाशी बसलो. रडलोही, लिहायला लाज वाटते. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. पिठाचा हात होता. पण बोरमाळ फडक्यात बांधलीच.

मुदतीच्या दिवशी मी अडीचशे घेऊन कचेरीत गेलो. घ्या आणि उरलेल्याला मुदत द्या, म्हणालो. पेशकारांनी मोजलेसुद्धा नाहीत. "पूरा लाओ, या मत लाओ." कचेरी बंद होईपर्यंत मी पायरीवर बसून होतो. कशाची वाट बघत होतो, सांगता येणार नाही. चपराशानं दार लावताना मला पाय आत घ्यायला सांगितलं.

दीडशे सरकारजमा झाले. अव्वाच्या पाटल्यांचे जवळपास तेवढेच आले होते.

बोरमाळ बिराप्पाबरोबर परत पाठवत आहे. मणी मोजून घे.

शिवलिंग


उमरगा, माघ वद्य पंचमी

अक्का,

दुसरा लिलाव झाला. हलगीही पुन्हा वाजली, या वेळी पैसे दुसऱ्या कुणाचे.

मी जाणार नव्हतो, पण मालकानं नेलं. मी दोन्ही हात काखेत घालून उभा राहिलो. एकानं ते पाहून म्हटलं, "सहाशेला बांधून ठेवा रं." सगळे हसले. साहेबांच्या ओठावरही हसू होतं. मग "सरकारी बोली ढाई सौ" झाली आणि माणसं बोलू लागली. दोनशे साठ, सत्तर, पंच्याहत्तर. ज्यांनी माझ्यासाठी तोंड शिवून घेतलं होतं तेच हे. कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. तीनशे दहावर घर सुटलं.

महालिंगप्पांना.

दुकानात आल्यावर मी पोती मोजू लागलो. तेच बोलले. "मनात काय आलं ते बोल."

मी म्हणालो, "पहिल्यांदा तुम्ही गप्प राहिलात."

"पयल्यांदा गाव गप बसलं ते तुझ्या बापासाठी. दुसऱ्यांदा बसलं असतं तर कचेरीनं सगळ्यास्नी आत टाकलं असतं. आन् घर मी न घेता दुसऱ्यानं घेतलं असतं तर?" त्यांनी तराजूची दांडी पुसली. "मागची खोली आन् चूल तुमची. पुढं मी करडी भरणार. भाडं तुझ्या पगारातनं."

त्यांचे आभार मानायचे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मान हलवली. तिचा काय अर्थ त्यांनी घेतला, तेही माहीत नाही.

अव्वाला मठात जाऊन सांगितलं तेव्हा ती दळण थांबवून म्हणाली, "म्हंजे परक्याच्याच जागेत."  मग उठली आणि भिजवलेली माती टोपल्यात भरू लागली.

काल आम्ही गेलो. कुलूप काढायला महालिंगप्पा स्वतः आले होते. दार उघडलं तर किडक्या ज्वारीचा वास, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात धाब्यातून पडलेला उजेड, थेट चुलीच्या जागेवर. चूल नव्हतीच, मी म्हणालो होतो ते खोटं होतं. अव्वा टोपलं काखेला घेऊन बाहेरच थांबली. मला वाटलं आत यायला तिचा पाय उचलत नाही.

तिनं विचारलं, "महालिंगप्पा, उंबरा कुणाचा?"

"आता माझाच की, उमाबाई."

"मग हितं कुणी चढायचं, कुणी न्हाय, ते तुमीच सांगणार?"

"मीच सांगणार."

"माझी लेक आली तर?"

महालिंगप्पा गोंधळले. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, किल्ली मुठीत धरून म्हणाले, "येऊ द्या की. त्याचं भाडं वाढवत न्हाय."

अव्वा आत आली. चूल घातली. खोकल्यामुळे मध्ये मध्ये थांबत होती, पण मला हात लावू दिला नाही. मग हात न धुताच माझ्याकडे वळून म्हणाली, "लिही तिला."

मी कागद घेतला. काय लिहू, विचारलं.

"शिवरातीच्या आधी ये म्हणावं. जावयालाबी आण म्हणावं, म्या काय खाणार न्हाय त्याला. आन् बोरमाळ घालून ये. बोडक्या गळ्यानं पेठेतनं यायचं न्हाय."

मी लिहीत होतो. ती कागदाकडे बघत होती, जणू तिला वाचता येतं.

"अजून?"

ती चुलीची कड बोटानं सारखी करत बसली.  मग बोलली. तिनं सांगितलं तसंच, माझं काही न घालता, खाली उतरवतो.

घर गेलं. ये.

शिवलिंग